इस्पितळासाठीं निघालेला कार्निव्हल

देवळाच्या पटांगणांत मंडप उभारावयाचा, हूपलाच्या कड्या रंगवावयाच्या, लकी डिपसाठीं घरोघरच्या वस्तु गोळा करावयाच्या आणि हाउझीचीं तिकिटें कोणीं विकावयाचीं ह्यावर कमिटींत दोन घटका वाद घालावयाचा, हें सर्व आपल्या धर्मग्रामास नवीन नाहीं. ज्युबिली आली कीं फेट आलीच. यंदाच्या तयारींत मात्र एका वृद्ध धर्मबंधूंनीं आम्हांस अडविलें व विचारलें, "गरिबाला द्यावयाचें तर खिशांतून काढून सरळ द्यावें, त्याच्या दुःखाचें नांव पुढें करून आपण नाचावयाचें, खावयाचें आणि वर बक्षीसहि घरीं न्यावयाचें, ह्याला दान कसें म्हणतां?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. परंतु हा प्रश्न आपल्याच पटांगणांत उपजलेला नसून, ज्या देशांतून फेटचा हा प्रकार आपल्याकडे आला त्या इंग्लंडांत तो एका पिढीनें मोठ्या निकरानें वादविला होता, हें वाचतांना आमच्या ध्यानांत आलें. पहिल्या महायुद्धाचा शेवट १९१८ सालीं झाला व दुसरें १९३९ सालीं पेटलें. मधल्या वीस वर्षांत तेथील गांवोगांवीं इस्पितळांच्या मदतीसाठीं जे कार्निव्हल निघत, त्यांची हकीकत ह्या ज्युबिली-अंकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. कार्निव्हल हा शब्द मूळचा आपल्याच पंचांगांतला. उपवासकाळापूर्वीं मांसाशनास रजा देण्याचे जे दिवस, ते हे. लॅटिनांतील मांस आणि काढून ठेवणें ह्या दोन शब्दांपासून त्याची व्युत्पत्ति सांगतात. गोंव्यांत ह्याच दिवसांस इंत्रूज म्हणतात, तो शब्द 'प्रवेश' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, म्हणजे उपवासकाळाच्या उंबरठ्यावरचे दिवस ह्या अर्थानें पोर्तुगीजांतून आला. इंग्लंडांतील कार्निव्हलास मात्र राखेच्या बुधवाराशीं कांहीं कर्तव्य उरलें नव्हतें. तो बहुधा उन्हाळ्यांत, शेतें पिवळीं होण्याच्या सुमारास, किंवा कांहीं परगण्यांत नोव्हेंबरच्या थंडींत निघे. अपवाद एक सांगण्याजोगा आहे: मँचेस्टरच्या विद्यापीठांतील विद्यार्थी इस्पितळांसाठीं आपली दंगामस्तीची मिरवणूक, जिला तेथें 'रॅग' म्हणत, ती राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारींच काढीत. त्यांतील कितीकांस त्या मंगळवाराचा मूळ अर्थ ठाऊक होता, कोण जाणे !

आतां इस्पितळांकडे येऊं. आपण मराठींत इस्पितळ म्हणतों तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, आणि त्याच्या मुळाशीं पाहुणा हा अर्थ आहे. इंग्लंडांतील जुनीं इस्पितळें हीं मठांच्या आश्रयानें वाढलेलीं पाहुणघरेंच होतीं. लंडनचें सेंट बार्थोलोम्यूचें इस्पितळ ११२३ सालचें. टेम्स नदीच्या दक्षिणेस कँटरबरीच्या हुतात्मा सेंट थॉमस बेकेटच्या नांवाचें दुसरें एक होतें. आठव्या हेन्री राजानें मठ मोडले तेव्हां हें इस्पितळहि बंद पडलें, व पुढें १५५१ सालीं उघडलें तें त्याच नांवानें, परंतु निराळ्या संताच्या स्मरणार्थ ! बेकेटनें राजाचा विरोध केला होता, म्हणून त्याला गाळून प्रेषित थॉमस ह्याचें नांव जोडून देण्यांत आलें. पाटीवरचीं अक्षरें तींच राहिलीं आणि संत बदलला.

त्याच जुन्या काळांत तेथील धर्मग्रामांत 'चर्च-एल' नांवाचे मेळे भरत. देवळाच्या डागडुजीसाठीं व गांवच्या गरिबांसाठीं पैसा लागे. मग धर्मग्रामाचे कारभारी मद्य गाळवीत, गांवकऱ्यांस व शेजारच्या गांवांस बोलावीत, त्या दिवसापुरता एक राजा व एक राणी निवडीत, नाच होई, खेळ होत, आणि जमलेला पैसा देवळाच्या पेटींत जाई. धर्मक्रांतीनंतर शुद्धिवादी मंडळींनीं हे मेळे पापमूलक ठरवून बहुतेक ठिकाणीं बंद पाडले. विसाव्या शतकांतील कार्निव्हल-राणी ही त्या जुन्या राणीचीच वंशज, असें आम्ही म्हणत नाहीं. मधल्या तीनशें वर्षांचा दुवा जोडून दाखविणें सोपें नाहीं. तथापि आनंद आणि धर्मादाय हीं एकाच पटांगणांत नांदूं शकतात, ही कल्पना त्या देशांत परकी नव्हती, एवढें खरें.

अठराव्या शतकापासून इंग्लंडांत नवीं इस्पितळें निघालीं तीं लोकांच्या वर्गणीवर चाललेलीं. सरकारचा त्यांत हात नव्हता. जो वर्षास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, किंवा अधिक देई, त्यास रोग्यांची शिफारस करणाऱ्या चिठ्ठ्या मिळत. रोग्यानें त्या चिठ्ठीसाठीं वर्गणीदाराच्या दारीं उभें राहावयाचें, आणि बरा झाल्यावर त्याचे आभार मानावयास जावयाचें, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकांत ही रीत हळूहळू सैल झाली व दानाचें क्षेत्र रुंदावलें. बर्मिंगहॅम येथें १८५९ सालीं 'इस्पितळ-रविवार' सुरू झाला: त्या दिवशीं शहरांतील देवळांची झोळी इस्पितळांची. लंडननें तोच प्रघात १८७३ सालीं उचलला. कारखान्यांतील कामकऱ्यांच्या पगाराचा दिवस शनिवार, म्हणून पाठोपाठ 'इस्पितळ-शनिवार'हि आला. श्रीमंताच्या गिनीबरोबर गरिबाची पेनीहि आतां खर्ची पडूं लागली, आणि आमच्या मतें पुढील सर्व इतिहासाचें बीज ह्यांतच आहे. कारण पेनी देणारा तोच, आणि खाटेवर पडणाराहि तोच.

महायुद्ध संपलें तेव्हां हीं इस्पितळें कर्जांत बुडालेलीं होतीं. औषधें, कोळसा, दूध, परिचारिकांचे पगार, सर्वच महाग झालें होतें. आणि ज्या घराण्यांच्या देणग्यांवर इस्पितळें चालत तीं घराणीं नव्या करांखालीं वाकलीं होतीं. उलट काम वाढतच होतें. क्ष-किरणांचीं यंत्रें आलीं, रेडियम आलें, १९२२ पासून मधुमेहावर इन्शुलिन आलें. पूर्वी ज्या रोग्यास घरींच मरूं देत, त्यास आतां इस्पितळांत वांचवितां येऊं लागलें, आणि वांचविणें हें पुरण्यापेक्षां महाग असतें. १९११ सालच्या राष्ट्रीय विम्याच्या कायद्यानें कामकऱ्यास डॉक्टर मिळाला होता खरा, पण इस्पितळांतील उपचाराचा खर्च त्यांत धरलेला नव्हता, आणि कामकऱ्याची बायकामुलें तर त्या विम्याच्या बाहेरच होतीं. १९२१ सालीं लॉर्ड केव्ह ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सरकारनें दहा लक्ष पौंड द्यावे अशी शिफारस केली. सरकारनें पांच लक्ष देऊं केले, आणि तेहि इस्पितळांनीं आपल्या बाजूनें नवा पैसा उभा करावा ह्या अटीवर. मग तो उभा कोठून करावयाचा ? ह्या प्रश्नाचें उत्तर रस्त्यावर सांपडलें.

रस्त्यावर पैसा मागण्याची संवय युद्धाच्या आधींच लागली होती. १९१२ सालीं अलेक्झांड्रा राणीनें इंग्लंडांत येऊन पन्नास वर्षें झाल्याचा उत्सव गुलाबांचीं कृत्रिम फुलें विकून साजरा केला. फुलें अपंग स्त्रियामुलींनीं बनविलेलीं, आणि उत्पन्न इस्पितळांना. युद्धांत तर 'ध्वजदिनां'चा असा सुळसुळाट झाला, कीं १९१६ सालीं कायदा करून रस्त्यावरच्या वर्गण्यांवर पोलिसांची देखरेख बसवावी लागली. परवाना काढावयाचा, पेट्यांस मोहर लावावयाची, हिशेब द्यावयाचा. ठकांचा सुळसुळाट झाल्याशिवाय असे कायदे होत नसतात.

आतां प्रत्यक्ष कार्निव्हलाचा दिवस पाहूं.

गांव मध्यम वस्तीचें समजावें. एक बाजारचौक, एक गिरणी किंवा खाण, दोनचार देवळें आणि टेकडीवर तीसचाळीस खाटांचें इस्पितळ. सहा महिने आधीं कमिटी बसे. तींत दुकानदार, बँकेचा कारकून, रेल्वेचा कामगार, धर्मगुरू, फायर-ब्रिगेडचा नायक अशी सर्व जातीची मंडळी असत, व जीं माणसें एरवीं एकमेकांशीं रस्त्यांत बोलत नसत तीं ह्या कामीं एका टेबलाशीं बसत. नाचाच्या सभागृहांत कार्निव्हल-राणीची निवड होई. ती बहुधा गिरणींत किंवा दुकानांत काम करणारी मुलगी असे. जमीनदाराची कन्या निवडल्याचें क्वचितच ऐकूं येई. मग तिच्यासाठीं झगा, मागें पदर उचलणाऱ्या चार लहान मुली, पुठ्ठ्याचा किंवा पितळी मुगुट. नगराध्यक्षानें तो तिच्या मस्तकीं ठेवावयाचा. एका दिवसापुरतें गिरणीच्या मुलीपुढें नगराध्यक्षास टोपी काढावी लागे, आणि आमचा समज असा, कीं गर्दीपैकीं निम्मी तरी हेंच पाहावयास येई.

दुपारीं मिरवणूक निघे. पुढें पितळी वाद्यांचा बँड. मागें कोळसेवाल्यांच्या व दूधवाल्यांच्या घोडागाड्या, घोड्यांच्या आयाळींत फिती गुंफलेल्या, चामडें तेल लावून चकचकीत केलेलें. पुढील वर्षांत मोटार-लॉरींवर रचलेले देखावे. सायकलींना कागदी फुलें बांधलेलीं मुलें. आणि दोन्ही बाजूंनीं सोंगाडे, हातांत मोहर लावलेल्या पेट्या खुळखुळावीत. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून लोक नाणीं फेंकीत, तीं झेलण्यासाठीं चौघेजण घोंगडीचीं चार टोकें धरून चालत. एक सोंग बहुतेक गांवीं ठरलेलें असे: लॉरीवर शस्त्रक्रियेची खोली, खाटिकाचा सुरा घेतलेला डॉक्टर, आणि रोग्याच्या पोटांतून निघणारी सॉसेजांची लांबच लांब माळ. लोक हंसून बेजार होत. परंतु ज्यांनीं त्या टेकडीवरच्या खऱ्या खोलींत आपलें माणूस पाठविलें होतें, तेहि हंसतच असत. भयाला हंसून टाकण्याची ही तऱ्हा आम्हांस अगदींच वाईट वाटत नाहीं.

मैदानावर बाळांची स्पर्धा, ओंडक्यावर बसून उशांनीं मारामारी, चरबी माखलेला खांब, केकचें वजन ओळखणें. सायंकाळीं दिव्यांची मिरवणूक व नाच. पावसाची भीति तेथें उन्हाळ्यांतहि असते. म्हणून कमिट्या पावसाचा विमा उतरीत, असा विमा देणाऱ्या कंपन्या १९२० नंतरच्या दशकांत तयार होत्या. आपल्याकडील फेट कमिटीस हा विमा कोणी मे महिन्यांत फुकट देईल व जूनमध्यें कितीहि पैसे घेऊन देणार नाहीं.

नाणीं गोळा करण्याच्या युक्त्यांपैकीं 'पेन्यांचा मैल' ही आमची आवडती. फुटपाथच्या कडेस खडूची रेघ ओढावयाची आणि जाणाऱ्यायेणाऱ्यानें तिच्यावर नाण्यास नाणें भिडवून पेनी ठेवावयाची. जुनी तांब्याच्या रंगाची इंग्रजी पेनी चांगली मोठी, सव्वा इंचास थोडी कमी असे. हिशेब केला तर एका मैलास सुमारे ५२,००० पेन्या लागतात, म्हणजे २१७ पौंडांच्या आसपास. १९२७ नंतरच्या रुपयास दीड शिलिंग ह्या दरानें सुमारे २,९०० रुपये. पुरा मैल भरो वा न भरो, आपली पेनी रेघेंत कोठें आहे हें मुलाला बोट दाखवून सांगतां येई, ही त्यांतली गंमत. ज्यांच्यापाशीं नाणेंहि नसे त्यांच्यासाठीं 'पौंड-दिवस' होता. पौंड म्हणजे नाणें आणि पौंड म्हणजे वजन; त्या दिवशीं इस्पितळाच्या दारीं कोणी साखरेचा पौंड आणी, कोणी चहाचा, कोणी वाटाण्याचा. कोंबड्या पाळणाऱ्यांसाठीं अंड्यांचा आठवडा असे. खेड्यापाड्यांतील इस्पितळांचीं कोठारें ह्या धान्यभाजीवर पुष्कळ दिवस चालत. ज्यानें पौंडभर वाटाणे दिले त्याचें नांव कोणत्याहि संगमरवरी पाटीवर गेलें नाहीं.

ह्या चित्रांत एक गोष्ट आम्हां हिंदी वाचकांस खटकल्यावांचून राहत नाहीं. मिरवणुकींत साम्राज्याचा देखावा ठरलेला असे: मध्यें भाला धरलेली ब्रिटानिया आणि भोंवतीं तोंडें काळीं केलेले 'नेटिव', मोठमोठीं पागोटीं घातलेले 'राजे'. त्यांत द्वेष असेच असें नाहीं. बहुतेकांनीं आयुष्यांत एकहि हिंदी मनुष्य पाहिलेला नसावा. परंतु त्या पागोट्याखालीं आपण होतों, आणि परोपकाराच्या दिवशींहि परक्याचें सोंग आणून हंसावयास तेथें कोणास संकोच वाटला नाहीं, हें नमूद करून ठेवणें आम्हांस योग्य वाटतें.

कॅथॉलिक वाचकांस ह्याहून चमत्कारिक वाटेल ती सॉमरसेट परगण्यांतील ब्रिजवॉटर गांवची हकीकत. १६०५ सालीं कांहीं कॅथॉलिक गृहस्थांनीं पार्लमेंट दारूनें उडविण्याचा कट केला व तो फसला. त्याबद्दल दरवर्षीं ५ नोव्हेंबरला देवळांत आभारप्रार्थना झालीच पाहिजे असा कायदा झाला, आणि तो १८५९ पर्यंत पुस्तकांत राहिला. त्या रात्रीं शेकोट्या पेटत, पुतळे जळत, आणि अनेक गांवीं त्या पुतळ्यांत पोप महाराजांचाहि पुतळा असे. ब्रिजवॉटर हें कट्टर प्रॉटेस्टंट गांव. तेथें चौकांत जुनें गलबत उभें करून, त्यांत डांबराचीं पिंपें रचून प्रचंड होळी करीत. १८८० सालीं दंगा माजल्यावर गांवच्या लोकांनींच कमिटी नेमली व पुढल्या वर्षापासून ह्या धिंगाण्याला शिस्तशीर मिरवणुकीचें रूप दिलें. कारागिरांच्या व मजुरांच्या टोळ्यांचे 'क्लब' झाले. ते वर्षभर आपापल्या गाड्या गुप्तपणें सजवीत. चौकांतली होळी १९२० नंतरच्या दशकांत बंद पडली. तिच्या जागीं राहिलें तें दिव्यांनीं लखलखणारें संचलन, आणि शेवटीं लांब काठ्यांच्या टोंकांस आतषबाजीचीं नळकांडीं बांधून, तीं डोक्यावर उंच धरून रस्ताभर उभी राहिलेली पुरुषांची रांग, जिच्यावरून ठिणग्यांचा पाऊस पडतो. ही मिरवणूक आजहि निघते व तिच्या मागून नाणीं गोळा करण्याच्या गाड्या फिरतात. तें द्रव्य धर्मादायास जातें. ज्या रात्रीचा जन्म आपल्या पूर्वजधर्मीयांच्या द्वेषांत झाला, ती रात्र अशा तऱ्हेनें आंधळ्यापांगळ्यांच्या कामीं आली. लोकांनीं द्वेष टाकून देण्याचा ठराव केला नव्हता. त्यांस मिरवणूक अधिक आवडूं लागली आणि द्वेष मागें राहून गेला, इतकेंच.

वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यांत मात्र कार्निव्हलाचा रंग वेगळा होता. १९२६ च्या मे महिन्यांत खाणमालकांनीं पगार कमी करण्यासाठीं खाणींना कुलुपें ठोकलीं. देशभर पुकारलेला सार्वत्रिक संप ४ मे ते १२ मे असा नऊ दिवसांत आटपला, परंतु खाणकामगार नोव्हेंबरपर्यंत अडून बसले. घरांत अन्न नाहीं, हाताला काम नाहीं, आणि बाहेर त्या वर्षीचा उन्हाळा ! त्या रिकाम्या दिवसांत खोऱ्याखोऱ्यांतून पुरुषांचे बँड निघाले. पितळी वाद्यें घेण्याची ऐपत नव्हती; म्हणून 'गझूका' नांवाचें दोनचार पेन्यांचें वाद्य, ज्यांत तोंडानें गुणगुणलें कीं झाले, तें आणि ढोल. पोषाख म्हणाल तर जुन्या पडद्यांचे व चादरींचे. हे बँड गांवोगांवीं चालत जाऊन एकमेकांशीं स्पर्धा करीत, आणि लोक आपल्याच उपासमारीच्या दिवसांत त्यांना पाहावयास डोंगर उतरून येत. वृद्ध धर्मबंधूंच्या प्रश्नाचा विचार करतांना आम्ही ह्या प्रसंगाशीं पुष्कळ वेळ थांबलों. येथें नाचणारा एक आणि दुःखी दुसरा, असें नव्हतेंच मुळीं.

आतां हाउझी आणि सोडत ह्यांच्याविषयीं. कारण आपल्याकडेहि ह्यावर कुजबूज होते. मेथॉडिस्ट आदि पंथांच्या मंडळींनीं इस्पितळासाठीं का होईना, सोडत म्हणजे जुगारच, असा पक्ष घेतला. कॅथॉलिक नीतिशास्त्र्यांचें म्हणणें असें, कीं पैज किंवा सोडत ही स्वतः पाप नव्हे. लावलेला पैसा ज्याचा त्याचा असावा, खेळांत लबाडी नसावी, संधि सर्वांस सारखी असावी, आणि घरच्यांच्या पोटाला चिमटा घेऊन कोणी खेळूं नये. इंग्रजी कायदा बराच काळ सर्वच सोडतींस बेकायदा मानून डोळेझांक करीत आला होता. १९३४ च्या कायद्यानें प्रथम वाट करून दिली: बाजार, फेट अशा समारंभांत त्याच जागीं, त्याच दिवशीं लहानशी सोडत काढण्यास मोकळीक, बक्षीस रोख नसावें, बक्षिसांच्या खरेदीस दहा पौंडांहून अधिक खर्चूं नये, आणि कोणाच्या खासगी खिशांत कांहीं जाऊं नये. आपल्या कमिटीनें हे चार नियम भिंतीवर लावले तरी कांहीं बिघडणार नाहीं.

हा कायदा करण्यामागें एक मोठें भूत होतें, तें आयर्लंडचें. तेथें १९३० सालीं कायदा करून इस्पितळांसाठीं घोड्यांच्या शर्यतींवर अवाढव्य सोडत सुरू झाली. तिकिटें चोरून इंग्लंडांत व अमेरिकेंत लाखांनीं खपत, आणि सोडतीच्या दिवशीं डब्लिनमध्यें शुभ्र पोषाखांतील परिचारिका फिरत्या पिंपांतून चिठ्ठ्या काढीत. ह्या पैशावर आयर्लंडांत कितीएक इस्पितळें बांधलीं गेलीं. परंतु तिकिटे विकणाऱ्या चालकांनींहि त्यांत अमाप संपत्ति केली, आणि डब्लिनच्या ॲडलेड ह्या प्रॉटेस्टंट इस्पितळानें हा पैसा आम्हांस नको म्हणून हात राखला. ती सोडत १९८७ पर्यंत चालली. ॲडलेडचा निश्चय आम्हांस पटतो कीं नाहीं हें सांगणें कठीण. पण गरजेंतहि नाहीं म्हणणारास मान द्यावा असें वाटतें.

इंग्लंडांत इकडे कार्निव्हलाचा गाजावाजा वाढत असतांना इस्पितळाच्या तिजोरींतील त्याचा वांटा मात्र घटत होता. लंडनमध्यें १९२२ सालीं आठवड्यास तीन पेन्यांची इस्पितळ-बचत योजना निघाली. शेफील्ड व पुढें लिव्हरपूलकडे पगाराच्या दर पौंडामागें एक पेनी कापून देण्याची पद्धत रूढ झाली. १९३९ च्या सुमारास अशा योजनांत जवळजवळ एक कोटी वर्गणीदार होते. दर आठवड्यास बिनबोभाट कापली जाणारी ही पेनी बँड न वाजवितां येई, पावसांतहि येई. आणि ती देणारा चिठ्ठीसाठीं कोणाच्या दारीं उभा राहत नसे. आपण पैसे भरले आहेत, तेव्हां खाट आपल्या हक्काची, असें तो समजूं लागला. दान आणि हक्क ह्यांतील अंतर त्या लहानशा कार्डानें पुसून टाकलें, तें पुन्हा आंखणें मग कोणासहि साधलें नाहीं.

१९३९ च्या सप्टेंबरांत रस्त्यांवरचे दिवे विझले, व त्यांबरोबर बहुतेक कार्निव्हलहि. युद्धांतील जखमींसाठीं सरकारनें इस्पितळांतील खाटा राखून त्यांचा खर्च दिला, आणि सरकारी पैशावर इस्पितळ चालूं शकतें हें सर्वांनीं पाहिलें. युद्धानंतर आरोग्यमंत्री झाले अनाइरिन बेव्हन. ते वेल्सच्या त्याच खोऱ्यांतले, ट्रेडेगार गांवचे. तरुणपणीं स्वतः खाणींत उतरलेले. तेथील कामगारांची वैद्यकीय मदतीची संस्था त्यांनीं जवळून पाहिली होती. ३० एप्रिल १९४६ रोजीं पार्लमेंटांत आपलें विधेयक मांडतांना ते म्हणाले, कीं इस्पितळांनीं खासगी दानावर जगावें हें सुधारलेल्या समाजास लज्जास्पद आहे, आणि ज्या परिचारिकांनीं रोग्यांजवळ असावयाचें त्या रस्त्यावर पेट्या घेऊन पैसे मागत फिरतात हें पाहून आपल्या अंगावर शहारा येतो. लहान इस्पितळाच्या उबदार मायेंत मरण्यापेक्षां मोठ्या इस्पितळाच्या थंड पण कुशल परोपकारानें जगणें आपण पसंत करूं, असेंहि ते त्या भाषणांत बोलले. विरोधकांचें म्हणणें, इस्पितळ सरकारचें झालें कीं गांवाला त्याच्याविषयीं वाटणारा जिव्हाळा आटेल.

दोहोंतही तथ्य आहे असें म्हणून सुटून जाणें सोपें. पण आम्हांस असें वाटतें, कीं बेव्हनसाहेबांचा शहारा योग्य होता आणि लक्ष्य चुकीचें होतें. परिचारिकेनें भीक मागावी हें वाईट, ह्यांत शंका नाहीं. कारकुनानें विदूषकाचा वेष घालावा, मुलांनीं खडूच्या रेघेवर पेन्या मांडाव्या, हें मात्र भीक मागणें नव्हे. गांवानें आपल्या आजारी माणसांचें ओझें आपल्या अंगावर घेतलें होतें, आणि ओझें वाहतांना माणसें गाणींहि म्हणतात. तें ओझें त्यांना पेलत नव्हतें, हा निराळा मुद्दा, आणि त्या मुद्द्यावर मंत्र्यांचेंच खरें होतें. जेथें गिरण्या व पेढ्या भरभराटीच्या, तेथें इस्पितळ सजलेलें. जेथें खाणी बंद, तेथें गझूकाचा बँड कितीहि वाजला तरी खाटा वाढत नव्हत्या. आजारपण तर गरीब खोऱ्यांतच अधिक होतें.

५ जुलै १९४८ रोजीं इंग्लंड व वेल्समधील अकराशेंहून अधिक वर्गणीचीं इस्पितळें राष्ट्राच्या ताब्यांत गेलीं. कायद्याच्या एका कलमानें धर्मसंस्थांनीं स्थापिलेल्या इस्पितळांचें धार्मिक स्वरूप राखण्याची हमी दिली होती. तरीहि कांहीं कॅथॉलिक इस्पितळें बाहेरच राहिलीं. लंडनचें सेंट जॉन व सेंट एलिझाबेथ ह्यांचें इस्पितळ त्यांपैकीं एक; क्रिमियाच्या युद्धांत नाइटिंगेलबाईंबरोबर शुश्रूषा करून आलेल्या दयेच्या भगिनींनीं तें १८५६ सालीं काढलें होतें. इतर इस्पितळांपुढें एक विचित्र स्थिति आली. शिक्षण देणाऱ्या मोठ्या इस्पितळांचे निधि त्यांच्यापाशींच राहिले, पण गांवोगांवच्या लहान इस्पितळांचे निधि एका राष्ट्रीय निधींत मिळविण्यांत आले. ज्या कमिट्यांनीं घोंगड्या पसरून नाणीं झेललीं होतीं, त्यांना आपलें द्रव्य देशभराच्या हंड्यांत पडलेलें दिसलें. कांहीं गांवीं ह्याचा राग पुढें पुष्कळ वर्षें राहिला.

परंतु जिव्हाळा आटला नाहीं. १९४९ सालींच 'इस्पितळाच्या मित्रां'चा राष्ट्रीय संघ निघाला. दिवाणखान्यांत रेडिओ, रोग्यांसाठीं पुस्तकें, भेटीस येणाऱ्यांसाठीं चहा, हीं कामें मित्रमंडळांनीं उचललीं, आणि त्यांसाठीं पुन्हा फेट भरूं लागल्या. १९८० च्या कायद्यानें तर सरकारी आरोग्य-अधिकाऱ्यांसहि लोकांकडे वर्गणी मागण्याची मुभा दिली. २०२० च्या साथींत शंभरीस टेकलेल्या एका माजी सैनिकानें आपल्या बागेंत चालण्याच्या फेऱ्या घालून इस्पितळांसाठीं तीन कोटींहून अधिक पौंड जमविले, तेव्हां पेन्यांचा मैल पाहिलेल्या पिढींतले फार थोडे लोक तें पाहावयास उरले होते.

आणि जेव्हां जेव्हां एखाद्या गांवचें जुनें लहान इस्पितळ बंद करण्याची आज्ञा सुटते, तेव्हां गांवकरी निषेधाचे फलक घेऊन रस्त्यावर येतात, बँडहि आणतात. सरकारी कागदांत ती इमारत १९४८ पासून राष्ट्राची आहे. गांवकरी म्हणतात, ती आमच्या आजोबांनीं बांधली, आणि आजी त्या वर्षीं राणी झाली होती.